जुना खासरा, जुने फेरफार, ग्रामपंचायतीचे ठराव : दप्तरातून कागद नेमका काढायचा कसा?

कयाधूकाठ
नमस्कार मंडळी. गाव हिंगोली जिल्ह्यातलं, तालुक्याचं नाव मुद्दाम घेत नाही. पंजोबाची जमीन तीन एकर बारा गुंठे असं घरात सगळेच म्हणत आलेत, आजी होती तोवर ती पण हेच सांगायची. आता वाटणीसाठी सातबारा काढला तर त्यावर १ हेक्टर १४ आर. म्हणजे वीस गुंठ्यांच्या आसपास कमी भरायलंय. घरात शिकलेले वडील एकटेच, कागदपत्रं तेच बघायचे, त्यामुळं चुलते आता तोंडावर म्हणायलेत की तुझ्या बापानं गुपचूप विकली असंल. वडील जाऊन सहा वर्षं झाली, त्यांच्या बाजूनं बोलायला मी एकटाच.

ऑफिसात चार चकरा झाल्या. पहिल्यांदा साहेब मीटिंगला, दुसऱ्यांदा रेकॉर्डवाले रजेवर, तिसऱ्यांदा अर्ज घेतला आणि चौथ्यांदा तोंडी सांगितलं की पंजोबाच्या नावानं काही सापडत नाही. आता माहिती अधिकार टाकावा का वकील करावा? आणि मागायचं नेमकं काय? मला कागदाचं नाव पण धड माहीत नाही. कुणी या वाटेनं गेलं असंल तर सांगा.

बालाघाट
सरळ माहिती अधिकार ठोका. दहा रुपयाचं कोर्ट फी तिकीट, जोडपत्र अ, विषय संपला. तीस दिवसात लेखी उत्तर द्यावंच लागतं. तोंडी बोलण्याला काडीची किंमत नाही.

निवृत्त_अप्पा
बालाघाट भाऊ, थोडं थांबा. मी तलाठी म्हणून नोकरी केली, तीन तालुके फिरलो. (आता पदाचं नाव ग्राम महसूल अधिकारी झालंय, आमच्यासाठी तलाठीच.) माहिती अधिकार चांगला आहे पण अर्जात काय लिहिणार? "माझ्या पंजोबाच्या जमिनीची सर्व माहिती द्यावी" असं लिहिलं तर उत्तर येणार "माहिती मोघम आहे". आणि ते उत्तर चूक पण म्हणता येणार नाही.

कयाधूकाठ, तुमचा घोळ मला इथं बसून दिसतोय. तुम्ही नावानं शोधायलात. जुनं दप्तर नावानं लावलेलं नसतं, गावाच्या नावानं आणि सर्वे नंबरनं असतं. आपल्या मराठवाड्यात निजामाचं राज्य गेल्यावर १९५४-५५ साली गावोगाव खासरा पाहणी पत्रक झालं, जमिनीच्या वादात सगळे तिथपर्यंत मागं जातात. त्यात सर्वे नंबर, क्षेत्र, आकार, कबजेदार, कसणारा कोण, सगळं ओळीनं असतं. पण तुमच्याकडं आज आहे गट नंबर. गट आले एकत्रीकरणात (जमिनीचे तुकडे जोडून नवे नंबर दिले त्यात), म्हणजे खासऱ्यानंतर. म्हणून आधी भूमी अभिलेख कार्यालयातून एकत्रीकरणाचा उतारा काढा, त्यात जुना सर्वे नंबर आणि नवा गट नंबर शेजारी शेजारी दिसतात. सर्वे नंबर हातात आला की तहसीलच्या अभिलेख कक्षात नकलेचा साधा अर्ज : गाव अमुक, सर्वे नंबर अमुक, खासरा पाहणी पत्रक १९५४-५५ ची प्रमाणित नक्कल मिळावी. दोन ओळी, जास्त लिहू नका.

आणि एक गोष्ट आधीच बघा. सातबाऱ्यावर पोटखराबा म्हणजे पिकाखाली न येणारी जमीन वेगळी लिहिलीय का? नाल्याकाठची जमीन असली तर वीस गुंठे तिथंच सापडतील. भांडण व्हायच्या आधी तो रकाना वाचा.

कयाधूकाठ
अप्पा, लई उपकार झाले. पोटखराबा बघितला, निरंक आहे. सर्वे नंबर घरात कुणालाच माहीत नाही, आई म्हणते "बोरीचं शेत" म्हणायचे एवढंच.

लातूरची_लेक
धाग्यात घुसते, माझं जमिनीचं नाही, ग्रामपंचायतीचं आहे, पण अडचण तीच. आमच्या गल्लीतल्या नालीसाठी पैसे आले आणि खर्च पण झाले म्हणतात, नाली काही दिसत नाही. ग्रामसभेत विचारलं तर "रजिस्टर पंचायत समितीत गेलंय" म्हणून सांगितलं. पंचायत समितीत गेले तर "ग्रामपंचायतीतच असतंय". सात महिने हेच चाललंय. बाई माणूस एकटी गेली की बसायला खुर्ची पण देत नाहीत, मग मी सासऱ्यांना घेऊन जायला लागले.

दुधना
ताई, आधी मोबाईलवरच बघा, ई-ग्रामस्वराज पोर्टलवर तुमच्या ग्रामपंचायतीचा आराखडा आणि वित्त आयोगाच्या पैशातनं कुणाला कधी किती दिले ते दिसतं. आम्ही जालन्याकडं असंच केलं. आधी तिथनं कामाचं नाव आणि रक्कम जशीच्या तशी वहीत उतरवून घेतली, मगच अर्ज लिहिला. अर्जात विचारलं : या नावाच्या कामाचं अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तिका, देयक, पूर्णत्वाचा दाखला आणि ग्रामसभेच्या ठरावाची प्रत. पाच कागद, पाचांची नावं. "सर्व माहिती" हा शब्दच टाकला नाही. सत्तावीस दिवसात मिळालं, पानाला दोन रुपये भरले.

मोजमाप पुस्तिका नक्की मागा. नालीची लांबी त्यात लिहिलेली असती, टेप घेऊन गल्लीत मोजायला कुणाची परवानगी लागत नाही.

बालाघाट
बघा, शेवटी माहिती अधिकारच कामाला आला.

निवृत्त_अप्पा
भाऊ, मी कुठं नको म्हणलं? कागदाचं नाव घेऊन मागा म्हणलं, एवढंच.

किनवटचा_मास्तर
मोघम अर्जावरून एक गोष्ट राहिली. महाराष्ट्रात २०१२ पासून नियम आहे, एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांच्या आत. बरेच जण जमीन, रस्ता, रेशन सगळं एकाच अर्जात कोंबतात. वेगवेगळे अर्ज करा, दहा-दहा रुपयाचा प्रश्न आहे. दारिद्र्यरेषेखालचा दाखला जोडला तर ते पण लागत नाहीत.

दप्तरबंद
मी असल्याच एका ऑफिसात आहे, कुठल्या ते विचारू नका. आमची पण बाजू ऐका. रेकॉर्ड सांभाळायला माणूस एक, त्याच्याकडं दुसरी तीन टेबलं. रुमालात बांधलेले गठ्ठे मांडणीवर छतापर्यंत, पावसाळ्यात वरून पाणी गळतं. अशात अर्ज येतो, "१९५० पासून आजपर्यंतच्या सर्व फेरफारांच्या प्रती द्याव्यात". त्या माणसानं काय करावं? सगळेच पैसे खाणारे नसतात, काही खरंच दमलेले असतात.

पण "सापडत नाही" हे तोंडी सांगणं चूकच आहे, हे मी आमच्या लोकांना पण सांगतो. तुमचा कागद दप्तरात असायला पाहिजे का नाही हे ठरलेलं असतंय. अ वर्ग म्हणजे कायमचा, ब वर्ग तीस वर्षं, मग क आणि ड. हक्काची नोंद अ मध्ये येते, ती कधीच नष्ट करता येत नाही. दुसरा एखादा कागद नष्ट केला म्हणत असतील तर कोणत्या तारखेला, कुणाच्या आदेशानं, ती नोंद दाखवा म्हणावं.

उदगीरकर
दप्तरबंद साहेब, तुमच्यासारखे दोन असते आमच्याकडं तर माझे तीन वर्षं वाचले असते.

माझा अनुभव सांगतो, लांब आहे पण कुणाच्या तरी कामी येईल. आमच्या घराण्याचा १९५० च्या आधीचा कागद पाहिजे होता, इनामाचा वाद होता. लातूर जिल्हा झाला १६ ऑगस्ट १९८२ ला, त्याआधी आम्ही उस्मानाबाद म्हणजे आताच्या धाराशिवमध्ये, म्हणून लातूरला नाही मिळालं तर धाराशिवला गेलो. तिथं एक म्हातारे कारकून भेटले, ते म्हणाले अहो उदगीर, निलंगा, अहमदपूर हे १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्यात होते, तुमचं मूळ दप्तर इथं कसं असंल! डोक्यावर हातच मारला. माझ्या आजोबानं जागा न सोडता तीन जिल्हे बघितले आणि कागद मात्र गावोगाव फिरत राहिला. शेवटी धागा लागला तो हैदराबादच्या पुराभिलेखात, तिथं निजामाच्या वेळचं दप्तर आहे.

त्यामुळं मराठवाड्यात कुणालाही माझं पहिलं सांगणं एकच, तुमचं गाव त्या साली कोणत्या तालुक्यात आणि कोणत्या जिल्ह्यात होतं ते आधी काढा. जालना १९८१ पर्यंत औरंगाबादमध्ये, हिंगोली १९९९ पर्यंत परभणीत. किनवट तर आदिलाबादकडं होतं, मास्तर सांगतीलच.

किनवटचा_मास्तर
हो, १९५६ ला इकडं आलो आम्ही. आमच्याकडच्या लोकांना आदिलाबादची वारी चुकत नाही.

गोदाकाठची_माय
उर्दूचं काय करता तुम्ही लोक? आमच्याकडं एक मुन्तखब (निजामाच्या वेळचा इनामाचा कागद) आहे, सासऱ्यांनी पत्र्याच्या पेटीत जपून ठेवलेला, घरात एकाला वाचता येत नाही.

उदगीरकर
ताई, आमच्या मोहल्ल्यातल्या निवृत्त मास्तरांनी वाचून दिला. त्या पिढीची शाळाच उर्दूतली. त्यांनी एक पैसा घेतला नाही, वर चहा पाजला. पण कोर्टात लावायचा तर अधिकृत भाषांतर करून घ्यावं लागतं. अशी माणसं थोडी उरलीत हो, पेटी उघडायची तर आत्ताच उघडा.

तारखा बघताना पण जपा. त्यात फसली साल असतंय, त्यात ५९० मिळवायचे. १३५७ फसली म्हणजे १९४७-४८. महिने पण आजूर, दय, बहमन असे. माझा पुतण्या १३५७ बघून नाचायला लागला होता, काका आपला कागद बहामनी काळातला आहे म्हणून!

बालाघाट
हाहा, पुतण्याला म्हणावं संग्रहालयात लाव.

हुरडा_पार्टी
हे सगळं आता कुणबी नोंदीमुळं लोकांना कळायलंय. २०२३ मध्ये न्यायमूर्ती शिंदे समितीच्या कामासाठी हीच दप्तरं उघडली, तेव्हा खासरा पत्रक, कुळ रजिस्टर, १९५१ चं राष्ट्रीय रजिस्टर, गाव नमुना १४ ही नावं घराघरात गेली. माझ्या मते सरकारनं...

व्यवस्थापक
हुरडा_पार्टी, आरक्षणावर वेगळा धागा आहे, ती चर्चा तिकडं करू. इथं कागद कसा मिळवायचा एवढंच ठेवू या.

हुरडा_पार्टी
मान्य. मग कामाचं सांगतो. गाव नमुना १४ म्हणजे जन्म-मृत्यूची नोंद, लोक कोतवाल बुक म्हणतात. घराण्यात कोण कधी गेलं ते त्यात सापडतं. वारसाच्या भांडणात लई कामाचं आहे.

लातूरची_लेक
दुधना दादा, पोर्टलवर बघितलं. कामाचं नाव सापडलं, रक्कम पण. नाली "पूर्ण" दाखवलीय. हात कापायलेत माझे. अर्ज कुणाच्या नावानं करू?

दुधना
जन माहिती अधिकारी, ग्रामपंचायत, एवढंच लिहा. नाव नको, पद लिहा. तो बहुतेक ग्रामसेवकच असतो. तुमच्या हातानं नाही घेतला तर रजिस्टर पोस्टानं पाठवा आणि पावती जपा. तीस दिवस झाले आणि उत्तर नाही आलं तर पुढच्या तीस दिवसात पहिलं अपील, त्याला वीस रुपयाचं तिकीट. त्याचा निर्णय पण नाही पटला तर नव्वद दिवसात राज्य माहिती आयोगाकडं दुसरं अपील, आपलं खंडपीठ छत्रपती संभाजीनगरला आहे. पण खरं सांगतो, आयोगाकडं तारीख लागायला फार वेळ जातो, त्यामुळं जोर पहिल्या अपिलातच लावायचा. सुनावणीला स्वतः जायचं.

मुदत टळल्यावर दिली तर माहिती फुकट द्यावी लागते, हे लक्षात ठेवा. आमच्याकडं एकदा मुदतीनंतर झेरॉक्सचे पैसे मागितले, कलम ७(६) दाखवल्यावर गप बसले.

निवृत्त_अप्पा
दोघांच्याही कामाचं एक सांगायचं राहिलं, आणि माझ्या मते ते सगळ्यात भारी आहे. प्रती मागायच्या आधी रेकॉर्ड डोळ्यानं बघायला मागा. सामान्य प्रशासन विभागाचा २६ नोव्हेंबर २०१८ चा शासन निर्णय आहे, दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळात जिल्ह्यातल्या ऑफिसात आणि स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये नागरिकांना दप्तर बघू द्यायचं. सोमवारी सुट्टी असली तर पुढच्या कामाच्या दिवशी. त्या निर्णयाची प्रत घडी करून खिशात ठेवा, कारण निम्म्या ऑफिसात तो कुणी वाचलेलाच नसतो. नाहीच ऐकलं तर माहिती अधिकाराच्या अर्जात पण "अभिलेखांचे अवलोकन" मागता येतं, पहिल्या तासाला फी नाही.

डोळ्यानं बघितल्याचा फायदा काय? सातबाऱ्यावर फेरफाराचा म्हणजे हक्क बदलल्याच्या नोंदीचा नंबर गोलात लिहिलेला असतो. तो धरून फेरफार रजिस्टर म्हणजे गाव नमुना ६ उघडायचं, त्यात आधीच्या नोंदीचा धागा लागतो, तो धरून आणखी मागं. कारकून तुमच्यासाठी हे करत बसणार नाही. तुम्ही एका दुपारी करू शकता, कारण जमीन तुमची आहे.

दप्तरबंद
अप्पा बरोबर बोलले. वही, पेन आणि तोंडाला रुमाल घेऊन या. धूळ लई असते.

बालाघाट
हे सोमवारचं मला पण माहीत नव्हतं. माझा शब्द थोडा मागं घेतो. पण "सापडत नाही" म्हणले तर?

किनवटचा_मास्तर
तर तेच लेखी मागायचं. महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम २००५ चा आहे, रेकॉर्ड बेकायदा नष्ट केलं किंवा बाहेर नेलं तर पाच वर्षांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. "अभिलेख गहाळ आहे" असं सही करून द्यायला कुणी सहसा तयार होत नाही. तिथंच पुन्हा शोध सुरू होतो.

गोदाकाठची_माय
आमची पेटी उघडली. मुन्तखबाला वाळवी लागलेली, कडा गेल्यात, मधलं शाबूत आहे. लेकानं फोटो काढून ठेवले. उद्या वाचायला नेणार.

कयाधूकाठ
मंडळी, पावणेदोन महिन्यानं येतोय. सगळं सांगतो.

भूमी अभिलेखातून एकत्रीकरणाचा उतारा निघाला, सर्वे नंबर मिळाला. अप्पांनी सांगितल्यासारखा दोन ओळींचा अर्ज केला आणि सोमवारी शासन निर्णयाची प्रत घेऊन गेलो. आधी नाही म्हणले, मग एका ताईंनी निर्णय पूर्ण वाचला आणि त्यांनी स्वतः गठ्ठा काढून दिला. खासरा आमच्या गावचा मराठीतच आहे, शाई तपकिरी पडलीय पण वाचता येतं. क्षेत्र तीन एकर बारा गुंठे. आजीचं एक अक्षर खोटं नव्हतं.

आणि कबजेदार म्हणून नाव पंजोबाचं नाहीच. पणजीचं आहे. पंजोबा खासऱ्याच्या आधीच वारले होते, हे घरात कुणाला माहीत नव्हतं. म्हणून चार चकरा "नावानं सापडत नाही" ऐकत होतो. अख्ख्या पानावर तेवढं एकच बाईचं नाव. मी तिचं नाव पहिल्यांदा तिथं वाचलं, घरात सगळे नुसतं "मोठी माय" म्हणायचे.

मग दुसऱ्या सोमवारी फेरफार धरत पुढं आलो. १९७६ च्या फेरफारात वीस गुंठे कमी झालेत, कारण लिहिलंय पाझर तलाव. बहात्तरच्या दुष्काळातलं काम, नोंद चार वर्षांनी घेतलेली. आमच्या शेताच्या खालच्या अंगाला तो तलाव अजून आहे, लहानपणी आम्ही त्यातच पोहायचो, आणि तो आमच्या जमिनीवर आहे हे कुणी बोललंच नव्हतं. १९७६ ला माझे वडील आठवीत होते. आठवीतलं लेकरू जमीन विकंल का?

दोन्ही नकला चुलत्यापुढं ठेवल्या. लई वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणले, त्या तलावाच्या भरावावर आईनं पाट्या टाकल्यात, मला कडेवर घेऊन. आणि उठून बाहेर गेले. संध्याकाळी वडिलांच्या फोटोला हार त्यांनीच आणला.

निवृत्त_अप्पा
वाचून डोळे भरले राजा. बहात्तरात अशी कितीतरी शेतं तलावाखाली गेली. माणसं कामावर होती, सुकडी आणि लाल मिलो ज्वारीची भाकर खाऊन दिवस काढत होती, नोंदी बघायला कुणाला फुरसत होती.

गोदाकाठची_माय
माझी आई पण होती नाला सरळीकरणावर. मिलो तिनं नंतर जन्मभर ताटात घेतला नाही.

लातूरची_लेक
कयाधूकाठ दादा, वडिलांचं नाव मोकळं झालं, लई बरं वाटलं. माझं पण सांगते, मोजमाप पुस्तिका मिळाली. त्यात नाली १२० मीटर आहे. रविवारी गल्लीतल्या सहा बाया मिळून टेप लावला, ३१ मीटर भरली. पहिल्या अपिलाची तारीख लागलीय कारण पूर्णत्वाचा दाखला दिलेला नाही. यावेळी सासरे नाही, त्याच सहाजणी येणार आहेत सोबत.

दुधना
शाब्बास ताई. टेपचे फोटो काढले ना? तारखेसकट छापून न्या.

कयाधूकाठ
एक शेवटचं विचारायचं. तलावाला जमीन घेतली तर मोबदला मिळाला असंल का? आई म्हणते एक रुपया बघितला नाही. चुलते पण म्हणतात नाही. हे कुठं बघायचं?

निवृत्त_अप्पा
भूसंपादन शाखेत. तलावाचं नाव, गाव आणि सर्वे नंबर लिहून निवाड्याची (भूसंपादनाच्या निकालाची) प्रत आणि मोबदला वाटपाचं पत्रक मागा. त्यावर पैसे उचलणाऱ्याची सही नाहीतर अंगठा असतो. निवाडाच झालेला नसंल तर तेही लेखी घ्या, मग गोष्ट वेगळी होते, तेव्हा वकील बघू. आणि तेव्हा तुमचा जिल्हा परभणी होता हे विसरू नका, हिंगोलीत नाही मिळालं तर तिकडं जावं लागंल.

कयाधूकाठ
बरं अप्पा. सोमवारी परभणी. चुलते म्हणले मी पण येतो.